अर्धांगवायू आणि रक्तातील बिंबाणू

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकास, मांजरा नदीच्या टापूत, बिलोली हे तालुक्याचे गाव आहे. नदीपलीकडे तेलंगण लागते. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो त्या वेळच्या मुंबई राज्यात आला. अशा सरहद्दीच्या गावी बोली एक नसते. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. आणि एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाची अर्धी बाजू एकाएकी लुळी पडली, म्हणजे ती वार्ताही तीन भाषांतून फिरते. मराठी माणूस म्हणतो, अंगावरून वारे गेले. तेलुगू बोलणारा 'पक्षवातम्' म्हणतो. उर्दू बोलणारा 'फालिज' म्हणतो, क्वचित 'लकवा' म्हणतो. हकिमांच्या शास्त्रात लकवा हे नाव वास्तविक तोंड वाकडे होण्यापुरतेच आहे. परंतु लोकव्यवहारात तो भेद उरलेला नाही.

ही नावे नीट पाहिली असता त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितलेल्या आढळतात. 'फालिज' या अरबी शब्दाच्या मुळाशी दुभागण्याचा अर्थ आहे आणि 'अर्धांग' हा आपला शब्दही तेच सांगतो. हे झाले डोळ्यांनी पाहिलेले लक्षण. 'वारे' आणि 'वात' या शब्दांत मात्र त्या लक्षणाच्या कारणाविषयीचे मत दडलेले आहे, आणि ते मत फार जुने आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा जो अध्याय आहे, त्यात 'पक्षवध' या नावाने या रोगाचे वर्णन येते. सुश्रुताने त्यालाच 'पक्षाघात' म्हटले. एक बाजू निकामी होणे आणि वाचा जाणे, ही लक्षणे त्या वैद्यांनी अचूक टिपली होती. प्रेत चिरून मेंदूच्या बारीक धमन्या तपासण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा जे दिसत नाही, पण ज्याच्यामुळे सर्व हालचाल होते, त्या वायूकडे त्यांनी बोट दाखविले यात नवल नाही. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत याहून चांगले उत्तर कोणापाशी नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या वैद्याने केला. झटक्याने मेलेल्या माणसांची मस्तके उघडून त्याने तपासली, त्यांत मेंदूत रक्त साकळलेले त्याला आढळले आणि १६५८ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो याने दुसरा प्रकार उलगडून दाखविला. रक्तवाहिनीतच रक्ताची गुठळी होते, ती सुटून प्रवाहाबरोबर पुढे जाते व अरुंद जागी अडकून वाट बंद करते, हे त्याने सिद्ध केले. म्हणजे अर्धांगवायूला कारणे दोन ठरली. एकात मेंदूतील वाहिनी फुटते, दुसऱ्यात ती तुंबते. बाहेरून दोहोंचे रूप पुष्कळदा सारखेच दिसते. पण एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष, हा या साऱ्या प्रकरणातील पेच आहे आणि तो पुढे पुन्हा येईल.

गुठळी कशाची होते, हा प्रश्न राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहताना तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज काही फार बारीक कण दिसतात, हे १८४२ साली फ्रान्समधील आल्फ्रेड दोने यांनी नोंदविले होते. पुष्कळांनी तो कचरा समजून सोडून दिला. १८८२ साली इटलीतील तुरिन येथील ज्यूलिओ बित्सोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, वाहिनीला इजा केली आणि काय होते ते पाहत बसले. इजा झालेल्या जागी प्रथम हे बारीक कणच येऊन चिकटतात, असे त्यांना दिसले. त्यांचा आकार तबकडीसारखा म्हणून त्यांना तसे नाव मिळाले. मराठी विश्वकोशाने त्यांस 'बिंबाणू' म्हटले आहे. घरोघरी मात्र 'प्लेटलेट' हाच शब्द रूढ झाला, कारण डेंग्यूची साथ आली की 'प्लेटलेट किती?' हा पहिला प्रश्न असतो. हे बिंबाणू हाडांच्या मगजातील अवाढव्य पेशींचे तुकडे होत, हे १९०६ साली बॉस्टनचे जेम्स होमर राइट यांनी दाखविले.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात, म्हणजे मोहरीएवढ्या थेंबात, दीड ते चार लाख बिंबाणू असतात. त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. पेशीचे जे केंद्र असते ते त्यांच्याजवळ नसते. एरवी ते गुळगुळीत तबकडीप्रमाणे वाहत जातात. पण वाहिनीचे अस्तर फाटून आतील तंतू उघडे पडले की बिंबाणू तेथे चिकटतो, त्याला काटे फुटतात, आणि तो थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य सोडून आजूबाजूच्या बिंबाणूंना हाक देतो. ते येतात, फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाच्या दुव्यांनी एकमेकांना धरून राहतात आणि भोकाला बूच बसते. विळ्याने बोट कापले असता काही मिनिटांत रक्त थांबते ते या व्यवस्थेमुळे. कोयता आणि कुऱ्हाड ज्यांच्या हातात रोज असते, त्या माणसांना बिंबाणूंचे उपकार वेगळे सांगावयास नकोत.

परंतु बिंबाणूला विवेक नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वय यांनी मानेतील मोठी धमनी आतून खरबरीत झाली आणि तेथील चरबीच्या थराला तडा गेला, तर त्यालाही तो जखमच समजतो. तेथे बूच बसते. त्याचा तुकडा सुटतो आणि मेंदूकडे जातो.

आता औषधाकडे वळावयाचे. नदीकाठी वाढणारे वाळुंज नावाचे झाड महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. त्याच कुळातील झाडाच्या कडू सालीने ताप उतरतो, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. सालीतील द्रव्याचा माग काढीत रसायनशास्त्र सॅलिसिलिक आम्लापर्यंत आले. ते पोटाला फार बाधे. १८९७ साली जर्मनीतील बायर कारखान्यात फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ साली ते 'अॅस्पिरिन' या नावाने बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच ते 'अॅस्प्रो'सारख्या नावांनी सुशिक्षित मराठी घरांतील फडताळांत जाऊन बसले होते. डोकेदुखी, अंगदुखी, ताप, यांवरचे घरगुती औषध, इतकीच त्याची ओळख. त्या गोळीचा अर्धांगवायूशी काही संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

तो संबंध प्रथम ज्याच्या मनात आला तो कोणी मोठा संशोधक नव्हता. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे साधे डॉक्टर होते. घशातील गाठी काढलेल्या रुग्णांना दुखणे कमी व्हावे म्हणून ते अॅस्पिरिन घातलेला च्युइंग गम देत. ज्यांनी तो फार चघळला त्यांच्या घशातून रक्त अधिक वाहू लागले. दुसऱ्या कोणी याला उपद्रव म्हणून सोडून दिले असते. क्रेव्हन यांनी विचार केला की, जे औषध जखमेतील रक्त थांबू देत नाही ते धमनीतील गुठळीही होऊ देणार नाही. १९५० ते १९५६ या काळात त्यांनी लहान वैद्यकीय मासिकांत लेख लिहिले. शेवटल्या लेखात सुमारे आठ हजार पुरुषांचा अनुभव सांगितला आणि हृदयाबरोबर मेंदूच्या वाहिन्यांचाही उल्लेख केला. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्या उपेक्षेला कारणही होते. गोळी न घेणारे तितकेच लोक तुलनेसाठी त्यांनी ठेवले नव्हते, आणि तुलनेवाचून प्रमाण नाही. १९५७ साली क्रेव्हन स्वतःच हृदयविकाराने वारले. ते स्वतः अॅस्पिरिन घेत असत, त्यामुळे टीकाकारांना आयतेच बोलावयास सापडले. असे असले तरी त्यांचा तर्क बरोबर होता, आणि तो सिद्ध होण्यास आणखी वीस वर्षे लागली हे वैद्यकाच्या इतिहासात नमूद व्हावयास हवे.

त्या वीस वर्षांत चार कामे झाली. बॉस्टनचे मिलर फिशर यांच्याकडे एक रुग्ण आला, ज्याचा एक डोळा मधूनमधून काही मिनिटे आंधळा होई. अंधत्व चालू असतानाच फिशर यांना त्याच्या डोळ्याच्या आत पाहता आले आणि नेत्रपटलाच्या धमनीतून पांढरे तुकडे हळूहळू सरकताना दिसले. १९५९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. मेंदूकडे जाणारी गुठळी वाटेत चालताना माणसाच्या दृष्टीस पडावी, ही घटना विलक्षण होय. १९६२ साली लंडनच्या गुस्ताव बॉर्न यांनी बिंबाणू कितपत एकत्र येतात हे मोजण्याचे यंत्र तयार केले. १९७१ साली जॉन व्हेन यांनी अॅस्पिरिन शरीरात नेमके काय अडविते ते शोधले. त्याबद्दल त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आणि १९७५ साली स्वीडनमध्ये थ्रॉम्बॉक्सेन सापडले. आता कोडे सुटले. थ्रॉम्बॉक्सेन बनविण्यास जे एन्झाइम लागते त्याला अॅस्पिरिन कायमचे कुलूप लावते. इतर पेशी नवे एन्झाइम करून घेतात. बिंबाणूपाशी केंद्र नाही, म्हणून त्याला ते करता येत नाही. तो मरेपर्यंत मुकाच राहतो. यामुळेच डोकेदुखीला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक लागणारे हे औषध बिंबाणूंना रोज ७५ मिलिग्रॅम पुरते. 'रक्त पातळ करणारी गोळी' असे जे तिला म्हणतात ते खरे नव्हे. रक्त तसेच दाट राहते. त्यातील एक हाक फक्त बंद होते.

रुग्णांवरील निर्णायक परीक्षा कॅनडात झाली. ज्यांना अर्धांगाचा क्षणिक झटका येऊन गेला होता अशा ५८५ रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे करण्यात आली आणि हेन्री बार्नेट व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली निकाल जाहीर केला. अॅस्पिरिनने झटका किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे तिसऱ्या हिश्शाने उतरला. त्यात स्त्रिया थोड्या होत्या आणि त्यांच्यात लाभ दिसला नाही. तेवढ्यावरून अमेरिकेच्या सरकारने १९८० साली या कामासाठी अॅस्पिरिनला मंजुरी दिली ती पुरुषांपुरतीच. स्त्रियांना ती मिळण्यास १९९८ साल उजाडले. संख्या अपुरी असणे आणि गुण नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे गणिताचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल. त्या अठरा वर्षांत किती स्त्रियांना ही स्वस्त गोळी मिळावयाची राहिली असेल, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

१९९७ साली दोन प्रचंड परीक्षांचे निकाल आले. एक चीनमधील, दुसरी ३६ देशांतील. मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण. झटका आल्यापासून दोन दिवसांच्या आत अॅस्पिरिन सुरू केले तर दर हजारी सुमारे नऊ-दहा लोक मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका यांपासून वाचतात, असे ठरले. हा आकडा लहान वाटेल. पण औषध काही पैशांचे आहे आणि रुग्ण लाखांनी आहेत.

या इतिहासात महाराष्ट्राचाही संबंध येतो. मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे; १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रापासून तिचा आरंभ झाला. ज्यांचे बिंबाणू संख्येने पुरेसे असूनही एकमेकांना धरू शकत नाहीत, अशा भारतीय कुटुंबांचा अभ्यास तेथे झाला आहे. या जन्मजात विकाराचे वर्णन स्विस वैद्य एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ साली केले. आईबाप दोघांकडून दोष आला तरच तो प्रकटतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे तेथे तो अधिक आढळतो, आणि ती चाल मराठवाड्यात व तेलंगणात अपरिचित नाही. अशा मुलांच्या हिरड्यांतून व नाकातून रक्त वाहते. पण बिंबाणू एकमेकांना कोणत्या हाताने धरतात, हे शास्त्राला त्यांच्याच रक्तावरून कळले.

तोच हात बांधून ठेवण्याची विद्या एका सापाजवळ आहे, आणि तो साप म्हणजे कोकणात व देशावर सर्वांना माहीत असलेले फुरसे. इंग्रजी अमलात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्यांस सरकार बक्षीस देत असे. त्याच्या दंशाने रक्त थांबेनासे होते. १९८८ साली या विषातून एक प्रथिन वेगळे करण्यात आले, ते बिंबाणूंचा तो हात नेमका धरते. आणि त्याच्या नमुन्यावर रसायनशाळेत टिरोफिबॅन हे औषध तयार झाले, त्यास अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. औषधात विषाचा अंशही नसतो. ते शिरेतून, रुग्णालयातच, मुख्यतः हृदयविकारात दिले जाते. काही प्रकारच्या अर्धांगवायूतही त्याचा गुण येतो, असे २०२३ साली चीनमधील परीक्षेत दिसले. घरी घ्यावयाच्या गोळ्यांत अॅस्पिरिनला जोड मिळाली ती क्लोपिडोग्रेलची. ते यकृतात गेल्यावर कामास लागते, आणि काहींच्या यकृताला ते काम आनुवंशिक गुणाने नीट साधत नाही. आशियातील लोकांत असे लोक युरोपीयांपेक्षा अधिक आहेत.

एवढे ज्ञान हाती असताना ही गोळी प्रत्येकाने रोज का घेऊ नये, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून नेहमी निघतो. त्याला उत्तर आहे. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल व त्यांचे सहकारी यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत सुमारे दीड लाख वस्तीत पहिल्या झटक्याच्या रुग्णांची मोजणी केली. ४५६ रुग्ण मिळाले. त्यांत शेकडा ८० जणांची वाहिनी तुंबली होती, पण जवळजवळ शेकडा १८ जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. या अठरांना अॅस्पिरिन देणे म्हणजे फुटलेल्या बांधाचे बूच काढून घेणे होय. म्हणून मेंदूचे चित्र काढल्यावाचून, केवळ तोंड वाकडे झाले एवढ्यावरून, शेजाऱ्याने गोळी चारू नये. ज्यांना काहीच झालेले नाही त्यांच्याविषयीही निकाल लागला आहे. सत्तरीच्या आसपासच्या व त्यापुढील १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांची परीक्षा ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत झाली. २०१८ साली निष्पन्न झाले ते असे की, रोजच्या अॅस्पिरिनने त्यांना लाभ झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ही गोळी टॉनिक नव्हे.

जिचा सर्वात अधिक लाभ तो मात्र नेमका अव्हेरला जातो. पाच-दहा मिनिटे हात लुळा पडतो, जीभ अडखळते, आणि मग सर्व पूर्ववत होते. अशा वेळी खेड्यात काय, शहरात काय, 'वारे आले आणि गेले, देवाची कृपा' असे म्हणून माणूस कामाला लागतो. हीच ती वेळ. ऑक्सफर्ड येथे अशा रुग्णांस त्याच दिवशी तपासून औषध सुरू करण्याची व्यवस्था करण्यात आली, तेव्हा पुढील तीन महिन्यांत मोठा झटका येण्याचे प्रमाण शेकडा १० वरून २ वर आले. हा निकाल २००७ सालचा आहे. २०१३ साली चीनमधील परीक्षेने दाखविले की, अशा रुग्णास चोवीस तासांच्या आत अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल दोन्ही सुरू करून एकवीस दिवस दिली असता एकट्या अॅस्पिरिनपेक्षा अधिक गुण येतो.

ग्रामीण महाराष्ट्रात काय घडते, हे बिलोलीपासून दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीत मोजले गेले. तो जिल्हाही तेलंगणाला लागूनच आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील, सुमारे ९४ हजार वस्तीतील, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ पर्यंतचा प्रत्येक मृत्यू तपासला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ अर्धांगवायूने झाले होते. मलेरिया आणि कुपोषण यांसाठी ज्या जिल्ह्याचे नाव घेतले जाई, तेथे मृत्यूचे पहिले कारण हे निघाले. त्यांतील शेकडा ८७ माणसे घरीच वारली. हा लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्या भागात गावातीलच आरोग्यसेवकांना शिकवून तयार करण्यात आले. त्यांनी पन्नाशीपुढील माणसांचा रक्तदाब मोजावयाचा, मधुमेह पाहावयाचा, ज्यांना झटका येऊन गेला आहे ती घरे हुडकावयाची आणि त्यांना डॉक्टरांपर्यंत न्यावयाचे, अशी ती योजना होती. रक्तदाब आधी, हा क्रम योग्यच होय. तो बेफाम राहिला तर अॅस्पिरिनने भागत नाही, उलट रक्तस्रावाचे भय वाढते.

नांदेडास १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. तेव्हा बिलोलीच्या माणसाला पहिल्या दिवशीची वाट आता पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. कठीण असतात ते पुढचे महिने. तिसऱ्या महिन्यात बोटे हालू लागतात, माणूस काठी टेकून शेताच्या बांधापर्यंत जातो, औषधाची पुडी संपते आणि 'आता बरे आहे' म्हणून नवी आणली जात नाही. त्या दिवसापासून हाडांच्या मगजातून जे बिंबाणू नवे येतात त्यांना कुलूप लागलेले नसते. आणि दहा दिवसांत जुने सारे संपून रक्तात तेच उरतात.